कायरोप्रॅक्टिकचा आठ सिटिंगचा कोर्स केला, जाणार असाल तर हे वाचून जा

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब होणार आहे. (कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणक्यांना हाताने झटके देऊन कंबर-पाठदुखीवर करतात तो उपचार.) मी जायच्या आधी असंच काहीतरी शोधत होतो आणि दोनच प्रकारचं सापडत होतं, एक तर "चमत्कार झाला, एका झटक्यात कंबर मोकळी", नाहीतर "सगळं थोतांड आहे, लांब राहा". माझं प्रकरण या दोन्हीत बसलं नाही.

माझी कंबर धरली ती काही वजन उचलताना वगैरे नाही, मोजा घालताना. उजव्या पायाचा मोजा घालायला वाकलो आणि कमरेत अशी कळ गेली की अर्धा मोजा पायात, अर्धा लोंबतोय, अशा अवस्थेत पलंगावर आडवा झालो आणि बायको येऊन उठवेपर्यंत तसाच पडून होतो. उसण भरली असेल, जाईल आपोआप म्हणून शेक, मलम, एखादी पेनकिलर यावर दिवस काढले, पण दहाव्या दिवशीही सकाळी मोजा बघितला की घाम फुटायचा. पायात कळ जात नव्हती, मुंग्या नव्हत्या, फक्त कंबर आणि उजवा कुल्ला. शेवटी मेहुणा म्हणाला, "भाऊजी, एकदा कायरोप्रॅक्टरकडे जाऊन या, कटकट आवाज येतो आणि माणूस सरळ होतो." त्याचं सगळं ज्ञान रीलमधलं, पण तेव्हा मी कोणाचंही ऐकलं असतं.

पहिल्यांदा जिथे गेलो तिथली गोष्ट थोडक्यात सांगतो कारण ती जागा मी दहा मिनिटांत सोडली. काय झालं, कसं झालं हे धड विचारायच्या आधीच पूर्ण पाठीचा एक्सरे काढायला उभं केलं, मग स्क्रीनवर माझ्या मणक्यांवर लाल रेघा मारून दाखवल्या की बघा हा बाक गेलाय, हा मणका जागेवरून सरकलाय, आणि लगेच चाळीस सिटिंगचं पॅकेज, "आज पूर्ण भरलं तर डिस्काउंट". माणूस दुखण्याने वाकलेला असताना त्याच्यासमोर लाल रेघा दाखवल्या की तो सही करतोच हो, मीही पेन हातात घेतलं होतं. पण चाळीस हा आकडा आला कुठून असं विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्यांना चाळीसच लागतात". पेन खाली ठेवलं.

घरी येऊन वाचलं तर कळलं की नुसत्या नव्या कंबरदुखीला, बाकी धोक्याची लक्षणं नसतील तर, पहिल्या सहा आठवड्यांत एक्सरे काढायची गरज नसते, आणि हे सांगणाऱ्यांत अमेरिकेतली कायरोप्रॅक्टर लोकांची स्वतःची संघटनाही आहे. धडधाकट माणसाचा एक्सरे काढला तरी काही ना काही वाकडं-झिजलेलं दिसतंच, त्याचा दुखण्याशी संबंध असेलच असं नाही.

दुसरी जागा मग जरा फोनवर चौकशी करून निवडली. एकच प्रश्न विचारला, "साधारण किती सिटिंग?" समोरून उत्तर, "तपासल्याशिवाय कसं सांगू?" म्हटलं हेच बरं.

पहिली भेट पाऊण तासाची होती आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ नुसते प्रश्न. काही प्रश्न ऐकून मी चपापलो, कमरेचं दाखवायला आलोय आणि हे विचारतायत लघवी-संडासवरचा कंट्रोल गेलाय का, जांघेत किंवा बसायच्या जागेवर बधिरपणा आहे का, ताप येतो का, वजन उगाच कमी झालंय का, कधी कॅन्सर झाला होता का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हाडं ठिसूळ असल्याचं कोणी सांगितलंय का, बरेच दिवस स्टिरॉइड घेतलंय का. तेव्हा वाटलं फॉर्म भरायचा म्हणून भरतायत. नंतर कळलं की सगळ्यात महत्त्वाची पंधरा मिनिटं तीच होती. लघवी अडकणं, त्या जागी बधिर होणं, पायातली ताकद जाणं असलं काही असेल तर तिथे कोणी हात लावायचा नसतो, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जायचं असतं. ठिसूळ हाडांवर झटका दिला तर फ्रॅक्चर होऊ शकतं. त्यामुळे तुम्ही गेलात आणि हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत तर झोपू नका टेबलावर, परत या.

मग गुडघ्यावर, घोट्यावर छोटी हातोडी मारून बघितली, पाठीवर झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, हे सगळं नस दाबली गेलीय का ते बघायला. आणि शेवटी विचारलं, "दुखणं दहापैकी किती ते राहू द्या, दुखण्यामुळे काय करता येत नाही ते सांगा." मी म्हटलं, मोजा. त्यांनी खरंच फाइलमध्ये लिहिलं, उजवा मोजा. पुढचा सगळा कोर्स त्या मोज्यावर मोजला गेला (कोटी नाही केली, होऊन गेली).

प्लॅन असा दिला, पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग तपासून बघू, फरक असेल तर आठवड्यातून एकदा असं अजून चार आठवडे, आणि चार-सहा सिटिंगमध्ये काहीच फरक नसेल तर मीच तुम्हाला दुसरीकडे पाठवेन. पैसे प्रत्येक वेळचे प्रत्येक वेळी. एक कन्सेंट फॉर्म वाचायला दिला आणि खरंच वाचायला वेळ दिला.

आता मुख्य भाग, तो झटका. ज्याची मला भीती होती आणि मेहुण्याला उत्सुकता (तो बरोबर आला होता, मोबाइल काढून तयार, त्याला बाहेर बसवला). डाव्या कुशीवर झोपवलं, खालचा पाय सरळ, वरचा दुमडलेला, हात छातीशी घडी करून. मग खांदा मागे आणि कंबर पुढे असं हळूहळू पिळत नेतात, जिथे अजून पुढे जात नाही असं वाटतं तिथे थांबतात, "श्वास सोडा" म्हणतात आणि तुम्ही सोडताय तेवढ्यात एक छोटासा, पण फार पटकन धक्का. कट्-कट्-कट्. तीन आवाज आले. दुखलं का, तर नाही, दचकलो मात्र जोरात. ताकदीचं काम कमी आणि वेगाचं जास्त आहे, टेबलाच्या कडेला उभा राहून माणूस स्वतःच्या अंगाचं वजन वापरतो.

त्या आवाजाबद्दल सगळ्यांनाच गैरसमज असतो, मलाही होता, की सरकलेलं हाड जागेवर बसलं. तसं काही नसतं. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे असतात, त्यांच्यात वंगणासारखं पाणी असतं, सांध्याच्या दोन बाजू पटकन लांब गेल्या की आतला दाब एकदम पडतो आणि त्या पाण्यात वायूची पोकळी तयार होते, तिचा आवाज. बोटं मोडल्यावर येतो तोच. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय मशीनमध्ये बोट ओढून त्याचा व्हिडिओच काढला, आवाज येतो त्याच क्षणी पोकळी तयार होताना दिसते. म्हणून एकदा मोडलेलं बोट लगेच परत मोडत नाही, साधारण वीसेक मिनिटं जावी लागतात. हाड बसल्याचा पुरावा वगैरे काही नाही.

पण हे कळूनसुद्धा मन ऐकत नाही बरं का. तिसऱ्या सिटिंगला एकही आवाज आला नाही तर मी चक्क हिरमुसलो, वाटलं आज पैसे वाया. ते हसून म्हणाले, "आवाज न्यायला आलात की कंबर?" घरी येऊन वाकून बघितलं तर त्या दिवशी आधीपेक्षा जास्त वाकता येत होतं.

पहिल्या दिवशी टेबलावरून उठलो तेव्हा एकदम हलकं वाटलं, गाडीत नीट बसलो, मेहुण्याला म्हटलं जादू आहे. ती जादू रात्रीपर्यंत टिकली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग असं ठणकत होतं की जणू पहिल्यांदाच जिमला जाऊन आलोय, थोडं डोकंही दुखत होतं. याची कल्पना आधी दिली होती म्हणून घाबरलो नाही, बऱ्याच जणांना होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. माझं दीड दिवसात गेलं. पण पहिल्या सिटिंगनंतर लगेच दुसऱ्या दिवशी महत्त्वाचं काम ठेवू नका एवढं सांगेन.

दरवेळी झटकाच असतो असंही नाही. एकदा मधून वाकणाऱ्या टेबलावर पालथं झोपवून टेबलच हळूहळू खाली-वर केलं, ते फार सुखाचं वाटलं, झोप लागायला आली. एक स्प्रिंगचं छोटं यंत्र असतं, टिक् टिक् करून मणक्याशेजारी मारतात, ज्यांना झटक्याची भीती वाटते किंवा ज्यांना झटका देणं बरोबर नाही त्यांच्यासाठी. माझ्यावर एकदा वापरलं, मला त्याने काही कळलं नाही, खरं सांगायचं तर स्टेपलर मारल्यासारखं वाटलं.

मान. इथे जरा थांबून लिहितो. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, मान पण आखडलेली दिसते, करू का? मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. कारण असं की मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून वर जातात, आणि मानेच्या झटक्यानंतर त्या धमनीला आतून चीर पडून स्ट्रोक झाल्याच्या केसेस आहेत. फार क्वचित होतं हे, आणि झटक्यामुळे चीर पडते की आधीच चीर पडलेली असते, म्हणूनच मान दुखते आणि म्हणूनच माणूस कायरोप्रॅक्टरकडे येतो, यावर अजून वाद आहे. असेल. पण माझं दुखणं कमरेचं, मग मानेचा सौदा कशाला? ज्यांची मानच दुखतेय त्यांनी निदान विचारावं की झटक्याशिवाय, नुसतं हळूवार हलवून करता येईल का. आणि करून घेतलं आणि नंतर चक्कर, एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळता न येणं, चालताना तोल जाणं किंवा कधी दुखली नव्हती अशी मान-डोकं एकाएकी दुखणं असं काही झालं तर "अंग ठणकतंय, होतं असं" म्हणत घरी बसायचं नाही. रीलमध्ये ते गळ्याला पट्टा लावून डोकं हिसकवतात ना, ते बघून कोणी जाऊ नका प्लीज. मेहुण्याला मी हेच दाखवायला गेलो तर म्हणतो, "पण लाइक्स बघा ना भाऊजी."

झोपून झोपून मी या प्रकाराचा इतिहासही वाचला, मजेशीर आहे. 1895 मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थांनी हे सुरू केलं, आधी ते चुंबकीय उपचार करायचे. त्यांचा दावा असा की इमारतीत सफाईचं काम करणाऱ्या एका बहिऱ्या माणसाचा पाठीतला मणका त्यांनी बसवला आणि त्याला ऐकू यायला लागलं. आता कानाची नस ही कानातून थेट मेंदूत जाते, कवटीच्या आतल्या आत, पाठीच्या वाटेला ती जातच नाही, त्यामुळे त्या दिवशी नक्की काय झालं देवाला माहीत. पण त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला की जवळजवळ सगळे रोग मणके सरकल्यामुळे होतात. त्याचे अवशेष अजून सापडतात, पहिल्या जागी भिंतीवर मोठा तक्ता होता, हा मणका म्हणजे पोट, हा म्हणजे दमा, हा म्हणजे झोप. ब्रिटनमध्ये सायमन सिंग या विज्ञानलेखकाने लहान मुलांची पोटदुखी, दमा असल्या दाव्यांवर लिहिलं म्हणून तिथल्या कायरोप्रॅक्टिक संघटनेने 2008 मध्ये त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि 2010 मध्ये मागे घेतला. माझ्या दुसऱ्या जागी असा तक्ता नव्हता. मी मुद्दाम विचारलं की माझी ॲसिडिटी पण जाईल का, तर म्हणाले, "त्यासाठी पोटाच्या डॉक्टरकडे जा." मार्क वाढले.

कंबरदुखीवर मात्र पुरावा आहे, पण बेताचा. 2017 मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या कॉलेजने जी गाइडलाइन काढली त्यात नव्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, ॲक्युपंक्चर किंवा मणक्यांचं मॅनिप्युलेशन (म्हणजे हाच झटक्याचा प्रकार) करून बघा असं आहे. ब्रिटनची 2016 ची गाइडलाइन म्हणते करा, पण व्यायामाला जोडून, नुसतं हेच नको. आणि एकूण अभ्यासांत दिसतं ते हे की फरक पडतो तो लहान ते मध्यम, फिजिओकडे नीट व्यायाम करून पडतो साधारण तेवढाच. शिवाय नवी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत तशीही कमी होते. म्हणजे मी दहाव्या दिवशी गेलो, सहा आठवडे कोर्स केला आणि बरा झालो, यात कोर्सचं श्रेय किती आणि कॅलेंडरचं किती? मला विचाराल तर पहिल्या दोन आठवड्यांत वेग नक्की वाढला, पुढचं सांगता येत नाही.

पुढचं सांगता येत नाही म्हणतो कारण पाचव्या सिटिंगपासून खरं काम टेबलावर होतच नव्हतं. चौथ्या सिटिंगनंतर परत तपासलं, खुर्चीवर बसून मोजा घालता येत होता, तर त्यांनी तीन व्यायाम दिले. गुडघे-हात टेकून पाठ वर-खाली करायची, त्याच पोझमध्ये उलट बाजूचा हात-पाय लांब करून धरायचा, आणि उताणं झोपून कंबर उचलायची. वर रोज चालायचं, पडून राहायचं नाही. मी पहिले चार दिवस केलं आणि मग नेहमीसारखं सोडून दिलं, कोण करतं, आपण तर झटक्याचे पैसे भरतोय. सहाव्या वेळी गेलो तर परत कुल्ला आखडलेला, मोजा घालताना भिंत धरावी लागत होती. टेबलावर झोपायच्या आधीच त्यांनी विचारलं, "व्यायाम कधी बंद केले?" शाळेत गृहपाठ न केलेल्या पोरासारखा उभा होतो. त्या दिवशी त्यांनी झटका दिलाच नाही! वीस मिनिटं तिन्ही व्यायाम करून घेतले आणि तेवढेच पैसे घेतले. तेव्हा राग आला होता, आज वाटतं आठपैकी सगळ्यात कामाची सिटिंग तीच.

सातवी-आठवी काही खास नाही, थोडं हलकं-फुलकं, थोडी चौकशी, खुर्चीत कसं बसता, गाडी किती चालवता. आठवीला उभ्याने, एका पायावर, काही न धरता मोजा घालून दाखवला. फाइलमध्ये टिक झाली. त्यांनी स्वतःच म्हटलं की आता यायची गरज नाही.

मग दर महिन्याला "मेंटेनन्स"ला जायचं का? हा प्रश्न मी विचारला. ज्यांची कंबर वारंवार धरते आणि ज्यांना पहिल्या कोर्सने चांगला फरक पडलाय अशा लोकांवर स्वीडनमध्ये अभ्यास झालाय, 2018 साली छापून आला, दुखण्याआधीच ठरावीक काळाने जाणाऱ्यांना वर्षभरात त्रासाचे दिवस साधारण तेराने कमी होते. ज्यांचं दुखणं सारखं उलटतं त्यांना तेरा दिवस मोठे वाटतील. माझी पहिलीच वेळ आहे, मी नाही घेतलं. आणि धडधाकट माणसाने "मणके अलाइन" ठेवायला आयुष्यभर जायचं, याला मला तरी काही आधार सापडला नाही.

स्वच्छता चांगली, टेबलावर प्रत्येकासाठी नवीन पेपर, वेळ पाळतात, फार तर दहा मिनिटं इकडेतिकडे. ढगळे कपडे घालून जा, जीन्स घालून गेलात तर पाय दुमडत नाही, मी पहिल्या दिवशी गेलो होतो. खिशातले मोबाइल-किल्ल्या आधी काढा, नाहीतर त्याच मणक्यात घुसतात. आणि जुने रिपोर्ट असतील तर न्या, चालू गोळ्यांची यादी न्या.

पाचपैकी चार स्टार. मी कायरोप्रॅक्टरला पूर्ण पाच देतोय, एक कापलाय तो रिसेप्शनचा, कोर्स संपून तीन महिने झाले तरी दर सोमवारी सकाळी मेसेज येतो, "तुमचा मणका तुमची आठवण काढतोय." मी मोजे घालत असतानाच येतो नेमका.